जन्मस्थळ : स्टुटगार्ट

बँकेत बावीस वर्षं काढली की माणसाला दोन गोष्टी नक्की येतात. एक म्हणजे समोरच्याकडे न बघता "पलीकडच्या खिडकीवर विचारा" असं म्हणणं, आणि दुसरी म्हणजे दुसऱ्याने भरलेल्या फॉर्मातली चूक चार हातांवरून ओळखणं. नात्यागोत्यात माझी जी काही थोडीफार किंमत आहे ती या दुसऱ्या गुणामुळे. कुणाच्या मुलीची स्कॉलरशिप असो, काकांची पेन्शन असो, फॉर्म माझ्याकडे येतो, चहा माझ्यासाठी येतो आणि चूक निघाली की राग माझ्यावर निघतो.

परवा रविवारी आमचे भाचेबुवा असाच एक कागद घेऊन आले. वय तेवीस, शिक्षण इंजिनिअर, चेहऱ्यावर चिंता. ते पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचं म्हणतात. आता यात नवल काही नाही. २०२२-२३ पासून जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी मुलांत सर्वांत जास्त संख्या भारतीयांचीच आहे, आणि त्यातले निम्मे आमच्या कोथरूडचे असावेत असा माझा संशय आहे. पण आमच्या भाचेबुवांची गोष्ट जरा वेगळी. त्यांचा जन्मच मुळी जर्मनीतला. २००० साली भावोजींना कंपनीने तीन वर्षांसाठी स्टुटगार्टला पाठवलं, ताई मागोमाग गेली, आणि २००२ साली तिथे हे चिरंजीव अवतरले. चौदा महिन्यांचे असताना पुण्याला आले ते आलेच. जर्मनीची त्यांची एकूण आठवण म्हणजे एक फोटो. त्यात ताई, लोकरीच्या टोपीत गुंडाळलेला एक लाल गोळा, आणि मागे स्टुटगार्टचा टीव्ही टॉवर. हा टॉवर १९५६ सालचा, काँक्रीटमध्ये बांधलेला जगातला पहिला. फोटोत त्या तिघांपैकी सर्वांत स्पष्ट तोच आला आहे.

"मामा, एवढं वाचून बघ," भाचेबुवा म्हणाले.

विद्यापीठाला लिहायचं पत्र होतं. मला तुमच्याकडेच का यायचं आहे, हे विद्यार्थ्याने एक-दीड पानात पटवून द्यायचं असतं. आमच्या वेळी कॉलेज घराजवळ आहे एवढं कारण पुरत असे. पत्रातलं पहिलंच वाक्य असं होतं, की माझ्या जन्मभूमीला परतण्याची ओढ मला लहानपणापासून आहे.

"लहानपणापासून तुला ओढ होती ती आमच्या फ्रीजची," मी म्हणालो.

"मामा, सगळे असंच काहीतरी लिहितात. माझ्याकडे निदान जन्मदाखला तरी आहे!"

मुद्दा बिनतोड होता. तरी मला त्या वाक्यात चूक दिसत होती. स्पेलिंगची नव्हे, जमाखर्चाची. पण नेमकी कुठल्या रकान्यात, ते सांगता येईना.

आता तुम्ही म्हणाल, जर्मनीत जन्म झाला म्हणजे पोरगा जर्मन नाही का? नाही. तिथे नुसतं जन्मून भागत नाही. आईवडिलांपैकी एकाने त्या देशात कायदेशीरपणे आठ वर्षं काढलेली असावी लागत. २०२४ मध्ये ती अट पाचावर आली. भावोजींची तीन भरली होती. म्हणजे जन्माने स्टुटगार्टकर, पासपोर्टाने भारतीय आणि स्वभावाने पुणेकर अशी ही वल्ली. जर्मन सरकारच्या लेखी तो परदेशी विद्यार्थी. त्याची पदवी खरी आहे की नाही हे त्यांची दिल्लीतली कचेरी तपासून घेते. त्याचा जन्म खरा आहे याबद्दल मात्र त्यांना शंका नाही, कारण दाखला त्यांनीच दिलेला आहे.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग पैशाचा कागद निघाला.

भाचेबुवांना दोन ठिकाणी प्रवेश मिळण्यासारखा होता. एक स्टुटगार्ट आणि दुसरं ब्राउनश्वाइग. दोन्हीकडे अभ्यासक्रम इंग्रजीत, दोन्हीकडे विषय जवळजवळ तोच. फरक एवढाच, की जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, सत्राला काही शे युरोंची वर्गणी भरली की झालं. ब्राउनश्वाइग त्यातलं. पण स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला दीड हजार युरो फी लावली आहे. चार सत्रांचे झाले सहा हजार. हिशेबाला सोपा म्हणून युरो शंभर रुपयांचा धरला, तर सहा लाख.

शिवाय राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी तिथे आधीच एक बंद खातं उघडून वर्षाचे ११,९०४ युरो त्यात ठेवावे लागतात, आणि महिन्याला त्यातले ९९२ च काढता येतात. पैसे आपले, पण हात लावायचा नाही. भाचेबुवांना ही पद्धत चमत्कारिक वाटली. मला वाटली नाही. माझ्या पगाराचं खातं आमच्या घरी लग्नापासून याच नियमाने चालतं.

तर दोन वर्षांचे राहण्याचे चोवीस लाख दोन्हीकडे सारखेच. स्टुटगार्टला वर सहा. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की तारण लागतं. तारण म्हणजे ताईचा फ्लॅट. २०१९ साली भावोजी गेले, त्यानंतर तिच्या नावावर जे काही आहे ते हेच. दोन खोल्या, एक बाल्कनी, आणि बाल्कनीत कढीलिंब.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आम्हाला तत्त्वज्ञान शिकवीत नाहीत. येईल ते नावे आणि जाईल ते जमा, एवढ्या एका सूत्रावर आम्ही संसार करतो. त्या सूत्राने बघितलं तर प्रश्न सुटलेला होता. दोन्हीकडे विषय तोच, भाषा तीच, पदवी तशीच. मग स्टुटगार्टला जास्तीचे सहा लाख कशाचे? तर जन्मभूमीचे. जन्मभूमी स्वर्गाहून थोर असते असं शाळेत शिकलो होतो, पण तिचा भाव इतक्या स्पष्ट आकड्यात मी प्रथमच पाहत होतो. सहा हजार युरो फक्त, चार हप्त्यांत.

"ब्राउनश्वाइग," मी निकाल दिला.

भाचेबुवा काही बोलले नाहीत. चहा अर्धा ठेवून गेले. आमच्या घरी चहा अर्धा राहतो तेव्हा मामला गंभीर असतो.

रात्री झोप येईना. आधी वाटलं बटाटेवडे नडले. मग लक्षात आलं, की नडत होता तो त्या पत्रातला 'परतण्याची' हा शब्द. जो कधी तिथला झालाच नाही तो परतणार कसा? आणि परतणार तो कुठल्या भाषेत? तर इंग्रजीत! ज्या गावात जन्म झाला त्या गावची भाषा येत नाही, जी येते ती गावची नाही, आणि मधे तिसरीच एक भाषा दुभाषासारखी उभी. म्हणजे मूल हरवलं, वीस वर्षांनी सापडलं, आणि आईला भेटायला जाताना वकील घेऊन गेलं, त्यातला प्रकार.

पूर्वी ही सोय नव्हती. राममनोहर लोहिया १९२९ साली बर्लिनला गेले, तेव्हा प्राध्यापक सोंबार्ट यांनी आपल्याला इंग्रजी येत नाही असं सांगितलं म्हणे. लोहिया म्हणाले, तीन महिन्यांनी येतो. आणि जर्मन शिकूनच पुन्हा त्यांच्यापुढे उभे राहिले, असं सांगतात. आपल्या इरावतीबाई कर्वे त्याच सुमारास बर्लिनला गेल्या आणि डॉक्टरेट घेऊन आल्या. त्यांचं तर आणखी मजेचं. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलं. वाढल्या पुण्यात, पदवी बर्लिनची, आणि लिहिलं महाभारतावर, मराठीत. जन्मगाव नावात राहिलं तेवढं पुरलं. आणि ज्यांच्या नावाच्या भवनात आमच्या पुण्याची मुलं जर्मन शिकतात ते मॅक्सम्यूलर? जन्म १८२३ चा, देसाऊचा. हयात गेली ऑक्सफर्डला. छापला ऋग्वेद. आणि हिंदुस्थानात एकदाही पाऊल ठेवलं नाही! जन्म एका देशात, घर दुसऱ्यात आणि जीव तिसऱ्यात. त्यांना जर कोणी विद्यापीठाला पत्र लिहायला सांगितलं असतं, तर पहिलं वाक्य काय लिहिलं असतं कोण जाणे.

मग मी स्वतःकडे वळलो. माझ्या पासपोर्टावर जन्मस्थळ म्हणून कराड लिहिलेलं आहे. हा पासपोर्ट काढून अकरा वर्षं झाली आणि तो कुठेही न जाता मुदत संपून मेला, पण ते असो. कराडला माझा जन्म झाला कारण आईचं माहेर कराडला. पहिलं बाळंतपण माहेरी हा आपल्याकडचा रिवाज, आणि आमच्या आईने दुसरंही तिथेच उरकलं. म्हणजे तुम्ही-आम्ही कितीतरी जण अशाच गावात जन्मलेले आहोत, जिथे आपण सव्वा महिना पाहुणे म्हणून होतो. सरकार ज्याला जन्मस्थळ म्हणतं त्याला आपण आजोळ म्हणतो, एवढाच फरक.

नोकरीत माझी एकदा कराडला बदली झाली होती. मी मोठ्या उमाळ्याने गेलो. वाटलं, कृष्णा-कोयनेचा संगम आपल्याला बघून क्षणभर थांबेल. संगम थांबला नाही. घरमालकाने तीन महिन्यांचं डिपॉझिट घेतलं. मी म्हटलं, "अहो, मी इथलाच, जन्म माझा इथला." तो म्हणाला, "मग तुम्हाला रेट ठाऊकच असतील." आजोबांचा वाडा पडून तिथे दुकानांची इमारत झाली होती. दोन वर्षांत मला एकाच माणसाने ओळखलं. मंडईत भाजी घेताना एक म्हातारी बाई माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तू कुसुमचा का रे?" कुसुम माझी आई. गावाने मला ओळखलं नव्हतंच. माझ्या तोंडावर आईचं नाक आहे, ते ओळखलं होतं.

आणि आपण देवाच्या बाबतीत तरी वेगळं काय केलं? कृष्णाचा जन्म मथुरेचा, तुरुंगातला. रात्रीतच त्याला गोकुळात नेलं. पण तो जन्मदिवस आपण मराठीत कोणत्या नावाने साजरा करतो? गोकुळाष्टमी. जन्म मथुरेत आणि अष्टमी गोकुळाची! जिथे लोणी खाल्लं ते गाव आपण धरलं आणि जन्मदाखल्यावरचं गाव सोडून दिलं. बँकेत अशी नोंद केली तर ऑडिटर फाडून खाईल. पण चारशे वेळा विचार केला तरी मला ती चूक वाटत नाही.

म्हणजे हिशेब पुन्हा ब्राउनश्वाइगचाच. मी समाधानाने कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी बँकेतून परस्पर ताईकडे गेलो. ती बाल्कनीत शेंगा सोलत होती. भाचेबुवा समोर लॅपटॉप घेऊन तोंड पाडून बसले होते. मी माझा युक्तिवाद कृष्णासकट सादर केला. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती मुलाला म्हणाली, "ते पहिलं वाक्य खोड."

"आई, पण..."

"खोटं आहे ते. तुला तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते मला."

आणि मग तिने एक गोष्ट सांगितली, जी मी तिचा सख्खा भाऊ असून चोवीस वर्षांत ऐकली नव्हती. कारण मी विचारलीच नव्हती. मी तेव्हा फक्त "चॉकलेटं आणलीस का?" एवढंच विचारलं होतं.

स्टुटगार्टकडची माणसं फार काटकसरी आणि फार टापटिपीची. काटकसरीबद्दल ती जर्मनीभर प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे ही कीर्ती कोणाची आहे ते मी लिहीत नाही, घरात राहायचं आहे. तिथे इमारतीत एक पद्धत असते. जिना झाडायची प्रत्येक बिऱ्हाडाला आठवड्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. पाळी चुकवणं हे तिथे जवळजवळ गुन्ह्यात मोडतं. ताईचे दिवस भरत आले होते. आई बाळंतपणाला जायची होती, पण तिचा पासपोर्ट वेळेवर आला नाही. भावोजींना सुट्टी नव्हती. आणि बरोबर त्या आठवड्यात पाटी ताईच्या दाराला आली. ताई म्हणाली, "मी झाडू घेऊन उभी, आणि मला खाली वाकताच येईना. रडायला आलं. समोरच्या आजी बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हातातून झाडू घेतला नाही हं. आधी दारावरची पाटी काढली आणि आपल्या दाराला लावली."

त्या आजींना ताई ओमा म्हणे. ओमा म्हणजे जर्मनमध्ये आजीच. पुढे सगळा हिवाळा ती पाटी फिरून फिरून ताईच्या दाराशी यायची आणि समोरच्या दाराला जायची. बाळाला पहिल्यांदा आंघोळ कशी घालायची ते ओमाने दाखवलं. ओमाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, ताईला जर्मनचं. पण दोन बायकांना एका तान्ह्या मुलाबद्दल बोलायला जेवढे शब्द लागतात तेवढे महिनाभरात जमले. नंतर दर नाताळाला त्यांचं कार्ड येई. भावोजी गेले त्या वर्षी आलं ते शेवटचं.

ताई शेंगा सोलत राहिली. मी पाणी प्यायलो. भाचेबुवांनी लॅपटॉप मिटला.

आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की मी रात्रभर हिशेब बरोबर केला होता, पण खातं चुकीचं उघडलं होतं. स्टुटगार्ट ही भाच्याची जन्मभूमी आहे की नाही यावर मी डोकं फोडत होतो. ती कुणाची असलीच तर ताईची. जन्म ज्याचा होतो त्याला काहीच कळत नसतं. ज्या बाईला तो होतो तिला ते गाव, तो जिना, ती थंडी, तो झाडू सगळं कळत असतं. बाळंतपण जिथे होतं ते माहेर, आणि आईचं माहेर ते मुलाचं आजोळ. आमच्या भाचेबुवांचं आजोळ एक कराड आणि दुसरं स्टुटगार्ट.

आता देणं आहेच, ते नाही कशाला म्हणा. पण ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग सरकारचं नाही. सरकारने दाखला दिला, त्याचे पैसे भावोजींनी तेव्हाच भरले असतील. देणं आहे ते एका बाईचं, किती आठवड्यांच्या झाडण्याचं ते तिलाच ठाऊक. आणि ते विद्यापीठाच्या खिडकीवर सत्राला दीड हजार भरून फिटत नाही. इंग्रजीतून तर मुळीच फिटत नाही. एखाद्या म्हातारीने तुमच्या आईच्या दारावरची पाटी आपल्या दाराला लावली असेल, तर तिच्याशी तिच्या भाषेत चार शब्द बोलता येणं हे कमीत कमी व्याज झालं. मुद्दल तर आपण कुणीच फेडत नाही.

"मग जायचं कुठे?" भाचेबुवांनी विचारलं.

"आजोळी कोणी शिकायला नाव घालतं का रे?" ताई म्हणाली. "आजोळी सुट्टीत जातात."

बावीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ ताळेबंद मी पाहिला नाही. शिकायचं ब्राउनश्वाइगला. सहा लाख वाचले, फ्लॅटवरचा बोजा तेवढा हलका झाला. सुट्टी लागली की आगगाडीत बसायचं आणि स्टुटगार्टला जायचं. ओमा असतील तर भेटायचं. नसतील तर तो जिना बघून यायचा. पाटी कुणाच्या दाराला आहे ते बघायचं, आणि लाज वाटली नाही तर एकदा झाडून यायचं.

पत्रातलं पहिलं वाक्य बदललं. आता ते असं आहे, की माझा जन्म तुमच्या देशात झाला, चौदा महिन्यांचा असताना मी तिथून निघालो, मला काहीही आठवत नाही, तुमची भाषा येत नाही, ती शिकायला घेतली आहे. मला वाटलं, अशाने प्रवेश कसा मिळणार? मिळाला. कदाचित त्या टेबलावरही माझ्यासारखाच कोणी चुका शोधायला बसला असेल, आणि एक कागद बिनचुकीचा बघून त्याला बरं वाटलं असेल.

भाचेबुवा सध्या संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जातात. घरी आल्यावर ताई त्यांची उजळणी घेते. पण त्यात एक घोटाळा झाला आहे. ताई जे चार शब्द ओमाकडून शिकली ते स्टुटगार्टकडच्या बोलीतले. त्या राज्याच्या सरकारनेच १९९९ साली जाहिरात काढली होती, की आम्हाला सगळं येतं, शुद्ध जर्मन सोडून. वर्गातल्या बाई म्हणतात, हे उच्चार कुठून आणलेस? भाचेबुवा म्हणतात, घरून. ताई म्हणते, तुझ्या बाईंना काय ठाऊक, त्या कधी तिथे बाळंत झाल्या होत्या का?

कर्जाचा अर्ज आमच्याच शाखेत आला. फॉर्म अर्थात मीच भरून दिला. आमचे नवे साहेब चष्मा सरसावून बघू लागले. उद्देश या रकान्यात 'शिक्षण' होतं, त्यावर त्यांनी मान डोलावली. तारण पाहिलं, मान डोलावली. जन्मस्थळावर आले आणि थांबले.

"हे स्टुटगार्ट काय आहे? चुकलंय का काही?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "त्याचं आजोळ आहे ते."

साहेबांनी सही केली. तेही मराठीच. त्यांना पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.